आजीच्या पोवळ्यावरून निघालेला विषय : थंड पाण्यातली प्रवाळं आणि ट्रॉलरचं जाळं

एकरुखकर

मंडळी, विषय सोलापुरात सुरू होतो आणि नॉर्वेला जातो. सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आजीचं मंगळसूत्र तुटलं. आम्ही पूर्व भागातले, पद्मशाली. आमच्यात काळ्या मण्यांबरोबर पोवळी असतात, आजी त्यांना 'पगडालू' म्हणते. गाठवायला पटवेकऱ्याकडे घेऊन गेलो. त्याने सगळे मणी ताटलीत ओतले, एक पोवळं चिमटीत धरून उजेडाकडे केलं आणि म्हणाला, "खरं आहे मालक. आता रंगवलेलंच जास्त येतं." घरी आल्यावर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहिलं. मणी लांबट, जाडीला सहा मिलिमीटरच्या आसपास. अंगावर केसासारख्या बारीक उभ्या रेघा, एका टोकाला टाचणीने टोचल्यासारखा खड्डा. दगड वाटेचना, वाळलेल्या काडीचा तुकडा वाटला.

मग वाचत बसलो. तांबडं पोवळं मूळचं भूमध्य समुद्रातलं. ते घडवणारं जुनं गाव म्हणजे इटलीत नेपल्सजवळचं तोर्रे देल ग्रेको. हे प्रवाळ जाडीला वर्षाकाठी पाव मिलिमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे आजीच्या मण्याएवढं जाड व्हायलाच पंचवीसेक वर्षं! आजीचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. तिच्या गळ्यातला मणी तिच्याहून थोरला असणार.

ते काढायची पद्धत वाचून आजोबांची आठवण झाली, ते मागावर होते. दोन जाड लाकडं फुलीसारखी बांधायची, त्यांना चादरीच्या दशांसारखे जाळ्यांचे झुबके लटकवायचे आणि ते धूड तळावरून ओढायचं. प्रवाळ मोडतं, थोडं झुबक्यात अडकतं, बाकीचं तिथेच पडून वाया. याला सेंट अँड्र्यूचा क्रॉस म्हणायचे. युरोपीय संघाने १९९४ मध्ये त्यावर बंदी घातली.

तोवर मला प्रवाळ म्हटलं की लक्षद्वीपचं निळं, कोमट, उथळ पाणीच डोळ्यांपुढे यायचं. पण पोवळ्याला ऊन लागत नाही, ते अंधाऱ्या कपारीत वाढतं. आणि त्याच्याहून खोल, ४ ते १२ अंश पाण्यात, प्रवाळांचे अख्खे डोंगर आहेत. त्यांत मुख्य लोफेलिया पर्टुसा. (हल्ली त्याला डेस्मोफायलम पर्टुसम म्हणतात, मी जुनंच नाव वापरतो.) नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ रोस्ट नावाचा खडक आहे, ३०० ते ४०० मीटर खोल, पस्तीसेक किलोमीटर लांब. म्हणजे सोलापुरातून निघालात तर मोहोळपर्यंत प्रवाळच प्रवाळ. तो माणसाला सापडला २००२ मध्ये! तोवर आमच्या घरात केबल येऊन जुनी झाली होती.

आणि हे सगळं मोडतंय मासेमारीच्या जाळ्याने. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये अंदाज मांडला होता की तिथल्या प्रवाळांच्या ३० ते ५० टक्के भागाला ट्रॉलरचा, म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणाऱ्या बोटीचा, फटका बसलाय.

हे आजीला सांगितलं. तिने एकच विचारलं, "तोडल्या जागी परत उगवलं का रे?"

मला सांगता आलं नाही. म्हणून हा धागा.

कडक_भाकरी

का बे, नळाला पाणी चार दिवसाआड, अन तू चारशे मीटर खोल पाण्याचं काय घेऊन बसलायस? हलकं घे. वाचलं पूर्ण.

एक सांग, लिंबू पिळून पोवळं ओळखता येतं म्हणतेत, खरं का? आमच्या मामानं मंगळासाठी अंगठीत घातलंय.

एकरुखकर

खऱ्यावर लिंबाचा थेंब टाकला की बारीक बुडबुडे येतात, कारण ते चुनखडीचं. पण शिंपल्याचा मणी लाल रंगवला तरी तोही तसाच फसफसतो. आणि खऱ्याची झिलई जाते ती जातेच. मामाची अंगठी राहू दे, मंगळ आधीच तापट.

प्रयोगवही

धागा आवडला. मी महाविद्यालयात प्राणीशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर आणि एक दुरुस्ती.

दुरुस्ती आधी. तुमचं पोवळं आणि लोफेलिया ही सख्खी भावंडं नाहीत, लांबचे नातेवाईक. पोवळ्याच्या पॉलिपला (प्रवाळातल्या एकेका इवल्या जिवाला) आठ शुंडा असतात, त्याही पिसासारख्या. लोफेलिया सहाच्या पटीतल्या घराण्यातलं, म्हणजे लक्षद्वीपच्या दगडी प्रवाळांच्या जवळचं. पण राहणी दोघांची सारखी, उन्हावाचून चालणारी.

उथळ पाण्यातल्या प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हात साखर बनवतं आणि घरमालकाला भाडं म्हणून देतं. खोल पाण्यात ऊन नाही, म्हणजे भाडेकरू नाही. मग खायचं काय? प्रवाहाबरोबर वाहत येणारे इवले प्लवक आणि वरून झिरपणारा सेंद्रिय चुरा. तेही भरोशाचं नाही. त्यामुळे ही प्रवाळं प्रवाह जोरात असतो अशा उंचवट्यावर, कड्यावर, फियॉर्डच्या (डोंगरांत घुसलेल्या चिंचोळ्या खाडीच्या) उंबऱ्यावर बसतात. नॉर्वेत ट्रॉनहाइमच्या फियॉर्डमध्ये टाउत्राजवळ तर ती ३९ मीटरवर आहेत. थंड, वाहतं आणि अंधारं पाणी मिळालं की खोलीचा आग्रह नाही.

आता खरी गंमत. विद्यार्थ्यांना वाटतं, खडकाचा जिवंत भाग महत्त्वाचा. लोफेलियाच्या खडकात जिवंत भाग म्हणजे वरची पांढरी-केशरी टोकं. खाली मेलेल्या फांद्यांचं जाळं असतं, आणि सगळ्यात जास्त गर्दी तिथेच! स्पंज, शेवंडीचे चुलतभाऊ, ब्रिटल स्टार, शेकडो प्रकारचे किडे. ईशान्य अटलांटिकमधल्या लोफेलियाच्या खडकांवर तेराशेहून जास्त जाती नोंदल्या आहेत. छोटे शार्क फांद्यांना अंड्यांच्या पिशव्या अडकवून जातात. युनिस नावाचा एक लांब किडा फांद्यांमध्ये आपली नळी बांधतो, प्रवाळ त्या नळीवर चुना चढवतं आणि सुटी झुडपं एकमेकांना जोडली जातात. प्रवाळ वीट घालतं, किडा सांधा भरतो. म्हणून "मेलेलंच होतं, मोडलं तर काय बिघडलं" हे इथे चालत नाही.

शिवाय ही मंडळी प्रवाहातलं अन्न पकडतात आणि श्लेष्मा म्हणून परत पाण्यात सोडतात. तो जिवाणू खातात, स्पंज गाळतात, त्यावर दुसरे जगतात. नाहीतर अन्न वाहून पुढे गेलं असतं, ते इथे थांबतं.

मालवणी_माहेर

माहेर मालवण, सासर सोलापूर, तेव्हा या धाग्यावर माझा हक्कच आहे. (बांगड्यासाठी जीव जातो इथे, ते वेगळं.)

अवांतर होईल, पण अँग्रिया बँक विसरू नका. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत बुडालेलं पठार, वरचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. तिथलं प्रवाळ उबदार पाण्यातलं, या धाग्यातलं नव्हे, पण महाराष्ट्राचं म्हणून सांगून ठेवते.

आता माझी शंका. बंदी म्हटली की कोणावर येते? मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, आणि रापणवाल्यांच्या पोटात गोळा आला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून पन्नास माणसांनी ओढायचं जाळं. त्याने कुठलं प्रवाळ मोडणार? मोडतो तो ट्रॉलर, पण पहिला कागद दाखवतात छोट्याला. तुमच्या नॉर्वेत हे कसं झालं ते सांगा, मग टाळ्या वाजवते.

एकरुखकर

ताई, उलटंच झालं. ओरड आधी छोट्यांनी केली. नॉर्वेत किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या या खडकांजवळ गळ आणि उभी जाळी लावायचे, कारण मासा तिथे लागतो. त्यांना प्रवाळ माहीत होतंच, गळाला तुकडे यायचे. ट्रॉनहाइमचे बिशप गुनेरुस यांनी अठराव्या शतकात त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. मग ट्रॉलर आले. आधी खडकाळ तळावर जाळं फाटायचं म्हणून ते लांब राहायचे. पुढे जाळ्याच्या खालच्या दोराला मोठाली रबरी चाकं लावली, 'रॉकहॉपर' म्हणतात त्याला. चाकं दगडांवरून उड्या मारत जातात. तिथून गळवाल्यांच्या तक्रारी सुरू झाल्या की अमुक ठिकाणी मासा संपला, जाळ्यात नुसता चुरा येतोय. शास्त्रज्ञ कॅमेरे घेऊन उतरले ते त्यानंतर. तळावर ट्रॉलरच्या पाट्यांनी (जाळ्याचं तोंड ताणून धरतात त्या) ओढलेल्या चाकोऱ्या दिसल्या, शेतात ट्रॅक्टर फिरल्यासारख्या, आणि बाजूला पांढरा चुरा.

१९९९ मध्ये नॉर्वेने प्रवाळ मुद्दाम किंवा निष्काळजीपणे मोडणं बेकायदा केलं आणि सुला खडक तळओढ जाळ्यांना बंद केला. युरोपात हे पहिलंच. तिथे गळ चालतो, ओढायचं जाळं चालत नाही.

मालवणी_माहेर

मग अर्धी टाळी. उरलेली राखून ठेवते.

हिशोबी

ललित छान आहे, पण आजीच्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही. परत उगवलं का? बंदी घालून उपयोग झाला का? आकडे असतील तर बोला.

प्रयोगवही

आहेत, आणि ते गोड नाहीत.

स्कॉटलंडच्या वायव्येला सुमारे हजार मीटर खोल 'डार्विन माउंड्स' नावाचे वाळूचे शेकडो उंचवटे आहेत, माथ्यावर लोफेलिया. सापडले १९९८ मध्ये, आणि थोड्याच काळात तिथे ट्रॉलरच्या खुणा दिसल्या. युरोपीय संघाने २००३ च्या ऑगस्टमध्ये तातडीने तळओढ जाळी बंद केली, पुढच्या वर्षी ती बंदी कायमची केली. २०११ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी, पुन्हा कॅमेरा उतरवला. पश्चिमेकडचा भाग आधी कमी मोडला होता, तो तसाच शाबूत राहिला होता. पूर्वेकडचा मोडलेला भाग तसाच मोडलेला. नवं प्रवाळ रुजल्याची खूणसुद्धा दिसली नाही.

तेव्हा आजीला सांगा, अजून नाही उगवलं. पण जे उरलं होतं ते वाचलं.

वाढीचा हिशोब करून बघा. लोफेलियाची फांदी वर्षाला ४ ते २५ मिलिमीटर वाढते. वीतभर फांदीला नऊपासून पंचावन्न वर्षं. आणि ही नुसती फांदी, खडक नव्हे. नॉर्वेचे खडक हिमयुग सरल्यावर वाढू लागले, त्यांना आठ-नऊ हजार वर्षं झाली. आयर्लंडजवळ 'चॅलेंजर माउंड' नावाचा १५५ मीटर उंच प्रवाळाचा ढीग आहे, २००५ मध्ये त्यात आरपार भोक पाडून नमुने काढले. बुडाशी वय निघालं सुमारे २६ लाख वर्षं. हवाईजवळच्या एका काळ्या प्रवाळाच्या एकाच झाडाचं वय रेडिओकार्बनने ४,२०० वर्षांच्या वर भरलं. एकच झाड, जिवंत.

कडक_भाकरी

४,२०० वर्षं?? सिद्धेश्वर महाराज बाराव्या शतकातले. त्यांनी तळं खोदलं तेव्हा ते झाड तीन हजाराच्या वर होतं की बे.

उजनीकाठ

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळा. आम्ही करमाळ्याकडचे, उजनीच्या पाणलोटात मासेमारी करतो, आजा भीमेच्या डोहात करायचा.

धरण १९८० ला पुरं झालं, गावं पाण्यात गेली. घरांच्या भिंती, आडाचे कठडे, बाभळी, सगळं खाली तसंच हाय. आम्हाला कुठं काय हाय ते पाठ असतं. त्या भिंतीवर जाळं टाकायचं नाही, टाकलं की फाटलंच. एकदा माझं नवं जाळं बाभळीच्या खोडात गुतलं, काढता काढता सकाळची दुपार झाली, अर्धं कापून सोडलं. बारीक सुतळीचा गठ्ठा बोटाला अजून वळ सोडून गेलाय. पण एक खरं, मोठा कटला त्या भिंतींच्या आडोशालाच असतो. तिथून सुटा होऊन बाहेर आला की आम्हाला घावतो. भिंती नसत्या तर कटला कधीच संपला असता, बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यांनी बोटुकलीसकट उपसून नेला असता. ती वडापवाली जाळी तर काहीच मागं ठेवत नाही.

तुम्ही सांगता ते प्रवाळ म्हणजे त्यांच्या समुद्रातली बुडालेली भिंतच की. फक्त भिंत जिवंत हाय. अन त्यांनी भिंतच पाडायचं यंत्र काढलंय.

म्हणून मला कळंना, ते लोक महिने मोजून बंदी का घालत नाहीत? आपल्याकडं समुद्रात पावसाळ्याचे दोन महिने बंद असतंय, मासा अंडी घालतो, परत भरतो.

एकरुखकर

दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच भिंतीत आहे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ही बंदी माशासाठी आहे. मासा एका हंगामात अंडी घालतो, पिल्लं वाढतात, दोन महिन्यांची उसंत त्याला कामाची. भिंतीला दोन महिने काय कामाचे? दहा महिने जाळं ओढून दोन महिने थांबलो, तर त्या दोन महिन्यांत लोफेलिया वाढणार एक ते चार मिलिमीटर, तेही जगली असली तर. इथे महिना नाही, जागा बंद करायला लागते, बाराही महिने, कायमची. मला हे इतकं साधं कळायला उजनीचा माणूस लागला.

खोल पाण्यातल्या माशालाही हंगाम पुरत नाही, हेही सांगतो. ऑरेंज रफी म्हणून मासा आहे, न्यूझीलंड आणि टास्मानियाजवळच्या बुडालेल्या डोंगरांवर ट्रॉलरांनी तो टनांनी उपसला. वयात यायलाच त्याला वीस-तीस वर्षं लागतात, आणि तो शंभराच्या पुढे जगतो. लोकांच्या ताटात त्यांच्या पणजोबांच्या वयाचा मासा होता.

मालवणी_माहेर

ईऽऽ. आमचा बांगडा बरा, वर्षभरात जेवायला तयार.

हिशोबी

"जागा बंद करा" म्हणणं सोपं. पाण्यावर रेघ मारता येते का? पोलीस कुठे उभा करणार?

एकरुखकर

बरोबर जागी बोट ठेवलंत. फ्लोरिडाजवळ ओक्युलिना नावाच्या प्रवाळाचे पाण्याखालचे उंचवटे आहेत. तिथला काही भाग १९८४ मध्ये ट्रॉलिंगला बंद केला. खोल पाण्यातल्या प्रवाळासाठी राखलेली जगातली ही पहिली जागा. पण नंतर पाहिलं तर बहुतेक ठिकाणी चुराच. थोडा बंद भागाबाहेर राहिला म्हणून, थोडा कोळंबीवाले रात्री रेघ ओलांडून येत म्हणून. शेवटी बोटींवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं यंत्र सक्तीचं करावं लागलं. आता बरेच देश तेच करतात. बोट किती वेगाने जातेय यावरून ती नुसती चालली आहे की जाळं ओढतेय हे किनाऱ्यावर बसून ओळखता येतं. ओढणारी बोट रेंगाळते.

ईशान्य अटलांटिकच्या खुल्या समुद्रात आणखी एक नियम आहे. जाळ्यात ३० किलोपेक्षा जास्त जिवंत प्रवाळ आलं तर थांबायचं, कळवायचं आणि दोन सागरी मैल दूर जायचं.

उजनीकाठ

जाळं प्रवाळ धरायला केलेलं नसतंय हो. मासा आत राहतो, काटकी आसातून गळून पडते. वर तीस किलो दिसलं तर खाली किती गाड्या मोडली असतील? अन मोडल्यावर पुढं जा म्हणायचं म्हणजे शेजारच्याची भिंत पाडा म्हणणं झालं.

प्रयोगवही

हाच आक्षेप शास्त्रज्ञही घेतात. तुम्ही कमी शब्दांत घेतलात.

माळावरचा

उशिरा आलो. मी नान्नजला माळढोक पाहिलेल्या शेवटच्या काही नशीबवानांपैकी. थोडं उलटं बोलतो, राग मानू नका.

आपल्या अभयारण्याचं काय झालं? १९७९ मध्ये जाहीर करताना सोलापूर-नगरमधलं साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र कागदावर घेतलं. शेतं, वस्त्या, रस्ते सगळं त्यात. लोकांना विहीर काढायला, जमीन विकायला अडचण. माळढोकाचं नाव काढलं की माणूस शिवी द्यायचा. नंतर क्षेत्र बाराशेच्या घरात आणलं, तोवर पक्षी हाताच्या बोटांवर आला. सगळंच राखायला गेलं की काहीच राखलं जात नाही. समुद्रातही "सगळं बंद" म्हणाल तर मासेवाला प्रवाळाला शिवीच देणार.

दुसरं म्हणजे माळ हा 'पडीक' म्हणून नोंदलेला असतो. सरकारी कागदात झाड नाही म्हणजे काही नाही. त्यात किती गवत, किती टोळ, लांडगे कुठे विणी घालतात, कोण बघतंय? खोल समुद्राचा तळही असाच 'नुसता चिखल' म्हणून नोंदलेला असणार.

एकरुखकर

माळावरचा, राग कसला. तळ नुसता चिखल, हेच कितीतरी वर्षं लोक धरून चालले होते. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळ ब्लेक पठार आहे. तिथे २०२४ च्या सुरुवातीला नकाशा पुरा करून जाहीर केलं की सुमारे ५०० किलोमीटर लांब, ११० किलोमीटर रुंद पट्ट्यात प्रवाळाचे ८३,९०८ उंचवटे आहेत. एवढं मोठं दुसरं अजून कुठे सापडलेलं नाही. आकडा बघा, शेवटचा आठ पण मोजलाय.

"आधी मोजा, मग बंद करा" हे तुमचं म्हणणं पटतं. नॉर्वे तेच करतोय, तळाचा नकाशा काढत जातो आणि सापडेल तसे खडक बंद करत जातो. तरी भांडण सुटत नाही. युरोपीय संघाने २०१६ मध्ये आपल्या पाण्यात ८०० मीटरखाली तळओढ जाळी बंद केली. २०२२ मध्ये ४०० मीटरखालचे ८७ तुकडे निवडून तिथे तळाला टेकणारी सगळीच साधनं बंद केली, गळाच्या लांब दोरीसकट. स्पेन लगेच न्यायालयात गेला. त्यांचं म्हणणं, गळवाल्याला ट्रॉलरच्या पंगतीत का बसवता?

मालवणी_माहेर

बघा! आलं ना माझं बोलणं खरं. उरलेली अर्धी टाळी मी ठेवून घेते.

पण खरंच विचारते, गळाने प्रवाळ मोडत नाही का?

प्रयोगवही

मोडतं. दोर फांद्यांत गुंततो, ओढताना झुडूप उपटतं, हरवलेले दोर आणि जाळी वर्षानुवर्षं तिथे लोंबत राहतात. पण एका ट्रॉलरच्या एका ओढीत जेवढं जातं त्याच्यापुढे ते फार थोडं. युरोपने दोघांना एका मापाने मोजलं, नॉर्वेने वेगळं. मला नॉर्वेचं बरं वाटतं. ज्याला मासा तिथेच लागतो, तो भिंत राखतो.

एक कडू गोष्ट सांगायची राहिली. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरतोय, पाणी आम्लाकडे झुकतंय. जिवंत प्रवाळावर मांसाचं पांघरूण असतं, ते तग धरेल. पण खालचा मेलेला सांगाडा उघडा असतो, तो आधी झिजणार. लिंबाच्या थेंबाचं जे वर लिहिलंत ना, ते फार सावकाश आणि फार मोठ्या पातेल्यात. ट्रॉलर थांबवून हे थांबत नाही. पण आधीच चुरा झालेल्याला झिजायला वेळही लागत नाही.

हिशोबी

मासा तिथे गोळा होतो की तिथे वाढतो, हा फरक कोणी सांगितला नाही. उजनीच्या भिंतीलाही तोच प्रश्न.

प्रयोगवही

चांगला प्रश्न, आणि शास्त्रज्ञ त्यावर अजून भांडतायत. नॉर्वेत मोजून पाहिलंय की प्रवाळाजवळच्या गळांना तांबडे सेबास्टीस मासे जास्त लागतात आणि आकारालाही मोठे असतात. पण प्रवाळ नसतं तर ते मासे नसतेच, की बाजूच्या दगडाआड गेले असते, हे सगळीकडे सारखं नाही. जात बदलली की उत्तर बदलतं.

उजनीकाठ

आमच्यात गोळा होतो, मॅडम. पण गोळा व्हायला जागा असली म्हणून तर वाचतो.

एकरुखकर

काल मंगळसूत्र आणलं. पटवेकऱ्याने सगळी पोवळी जुनीच ओवली. एक तडकलेलं होतं, त्याच्या जागी नवं घालू का म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, आजीला विचारून सांगतो. आजीने सगळं ऐकून घेतलं (खडक, ट्रॉलर, आठ वर्षं, काही न उगवणं) आणि म्हणाली, "तडकलेलंच राहू दे. तिथे काळा मणी घाल जोडीला."

भारतात दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, काळं प्रवाळ ही सगळी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हेही जाता जाता लिहून ठेवतो. वाघाच्या रांगेत. दुकानातलं तांबडं पोवळं बाहेरून येतं, ती गोष्ट वेगळी.

कडक_भाकरी

मामाला सगळा धागा वाचून दाखवला. म्हणतो, मग मंगळाला दुसरं काय चालतंय बघ.

उजनीकाठ

पाणी उतरायलंय. अजून पंधरा दिवसांत आमच्या जुन्या गावाच्या भिंती उघड्या पडतील. कुणाला बघायच्या असल्या तर या, होडी हाय. भाकरी घरून आणा, कालवण मी घालतो.

मालवणी_माहेर

मी येते. रविवारी किती वाजता निघायचं? आणि कटल्याचं कालवण मी करणार, नारळ घेऊन येते.

कडक_भाकरी

ताई, नारळ नको, शेंगाचा कूट घाला. सोलापुरात हाव आपण.